खंडेनवमीचे फोटो

सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, "आजोबा, आता दर महिन्याला एवढ्या लांब येत जाऊ नका. थेंब काय, तुळजापुरातही मिळतात." बाबूरावांनी मान हलवली. सोबत आलेल्या नातीला, भैरवीला, आधी बरंच वाटलं. चला, महिन्याची एक खेप वाचली. बाहेर येऊन पायानं चपला चाचपताना आबा म्हणाले, "कळलं का काय म्हणाला तो?"

"येऊ नका म्हणाले."

"व्हय. म्हणजे आता करण्यासारखं काही राहिलं न्हाई."

एसटीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. उजवा डोळा काचबिंदूनं दोन वर्षांपूर्वीच नेला होता. डाव्यानं दिसायचं ते नळीतून बघितल्यासारखं. समोरच्या माणसाचं नाक दिसलं तर कान दिसत नसत. तरी तामलवाडी येईपर्यंत ते बाहेरच बघत बसले होते. मग एकदम मान वळवून म्हणाले, "तुला सध्या काय काम आहे गं?"

काम काहीच नव्हतं. बारावी झाली होती, नर्सिंगला नंबर लागला नव्हता, आणि पुढच्या वर्षी परत बघू असं वडील म्हणाले होते. तोवर घरात आईला मदत आणि हातात मोबाइल.

"मग मला माझे फोटो वाचून दाखव," आबा म्हणाले. "अजून थोडं आठवतंय तोवर. डोळे गेले की आठवणीही पुसत जातात. डॉक्टर बोलला न्हाई, पण मला समजतंय ते."

बाबूराव पुजाऱ्यांच्या घरात जन्मले. भावांनी देवीच्या पूजेच्या पाळ्या सांभाळल्या. यांनी अठराव्या वर्षी गळ्यात कॅमेरा अडकवला. देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. दर्शनाला आलेली कुटुंबं, नवी जोडपी, जावळाची पोरं, सगळी त्यांच्या पडद्यापुढं उभी राहून गेली. मोबाइल आले तशी गिऱ्हाइकं आटली आणि दहा वर्षांपूर्वी शटर खाली आलं. आता तिथं कवड्यांच्या माळा आणि परड्या मिळतात. न नेलेले फोटो, निगेटिव्ह आणि अल्बम दोन लोखंडी ट्रंकांत भरून घराच्या माडीवर पडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भैरवीनं पहिली ट्रंक उघडली. हाताला आला तो फोटो घेतला आणि आबांच्या खाटेजवळ बसली.

"एक बाई, एक माणूस, दोन पोरं. मागं कळस."

"झालं?"

"झालं."

"हे मला न बघताही सांगता आलं असतं. तुळजापुरातल्या फोटोत दुसरं काय असणार? हात कुठं आहेत त्यांचे?"

"कुणाचे?"

"सगळ्यांचे. आधी हात बघत जा, तोंड शेवटी. तोंड माणूस फोटोसाठी घालून येतो, नव्या सदऱ्यासारखं. हात मात्र घरातलेच असतात."

भैरवीनं परत बघितलं. बाईचा एक हात थोरल्या पोराच्या खांद्यावर होता. माणसाचे दोन्ही हात शिवणीला चिकटून, कवायतीला उभा असल्यासारखे. धाकटी पोर दोघांच्या मध्ये होती आणि तिच्या अंगावर कुणाचाच हात नव्हता. तिनं तसं सांगितलं.

"आता बोललीस," आबा म्हणाले. "दुसरा काढ."

असा तो परिपाठ सुरू झाला. रोज दुपारी जेवणं झाली की चार-पाच फोटो. आबांची शिकवण्याची तऱ्हा सरळ होती. दिसलं ते आधी सांगायचं, वाटलं ते मागनं. उजेड कुठून येतोय, कोण कुणाला शिवलंय, कोण शिवायचं टाळतंय, कुणाच्या चपला पायात आहेत आणि कुणी काढून ठेवल्यात. "गरीब दिसते" असं म्हटलं की चिडायचे. "गरीब कशावरनं? ते दाखव मला." मग भैरवीला पोलक्याच्या बाहीला लावलेली पिन सापडायची.

एकदा येडशीच्या लग्नातला फोटो निघाला. अंतरपाट नुकताच दूर झालेला, अक्षता हवेत थांबलेल्या. नवरीनं हार दोन्ही हातांत धरायला हवा होता. तो एकाच हातात लोंबत होता. दुसऱ्या हातानं तिनं शेजारच्या करवलीचा अंगठा मुठीत घट्ट पकडला होता.

"पुढं काय झालं हिचं?" भैरवीनं विचारलं.

"मला काय माहीत! फोटोवाल्याला पुढचं कधीच कळत न्हाई. तेवढाच एक क्षण आपल्याकडं असतो, मग ती माणसं आपल्या गावाला निघून जातात."

पण ज्या फोटोनं तिला खरं हलवलं तो अगदी साधा होता. नवरा-बायको खुर्च्यांवर बसलेले, मागं कोरा पडदा. भैरवीनं हात सांगितले, चपला सांगितल्या, बाईच्या गळ्यातला काळा दोरा सांगितला. मग म्हणाली, "खुर्च्या लांब आहेत जरा."

"किती?"

"मध्ये एक पोर उभं राहील एवढ्या." मग तिनं फोटो खाटेवर ठेवला.

आबा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "बब्रुवान नाव त्याचं. लोहाऱ्याकडच्या एका वस्तीवरचा. त्र्याण्णवच्या भूकंपात पोरगा गेला, घर गेलं. कसल्याशा सरकारी कागदाला दोघांचा फोटो लागत होता म्हणून दिवाळीनंतर आले होते. मी तीनदा म्हणालो, जवळ सरका. ती बाई खुर्ची सरकवायची आणि परत होती तिथंच न्यायची. तिच्या ध्यानातच येत नव्हतं."

भैरवी रडली. आबांनी तिला थांबवलं नाही. नाक पुसत तिनं विचारलं, "रडू आलं म्हणजे फोटो वाचता आला असं समजायचं का?"

"न्हाई. पाणी कांद्यानंही येतं. उद्या परत बघ. उद्याही ती मधली जागा दिसली, तर वाचता आला."

दुसऱ्या दिवशी ती जागा दिसली. नंतर कितीतरी दिवस तो फोटो डोळ्यांसमोर नसतानाही दिसत राहिली. आपल्या मोबाइलमधले चार हजार फोटो तिनं एकदा चाळून बघितले. त्यात तिचीच तोंडं होती, सगळी घालून आलेली. एका फोटोत मात्र मागच्या बाजूला आई ओट्यापाशी उभी होती, आपण फोटोत येतोय हे माहीत नसलेली, आणि एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होती. तो एवढाच फोटो तिला खरा वाटला.

इकडं आबांची नळी बारीक होत चालली होती. आषाढात त्यांना ताटातली चटणी दिसेना. श्रावणात भिंतीवरचं घड्याळ म्हणजे नुसता पांढरा ठिपका झाला. गणपती बसले तेव्हा आरतीच्या ताटातली वात कुठं आहे ते त्यांनी आचेवरून ओळखलं. भैरवीची आई, जाई, त्यांच्या हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेऊ लागली. आबांना कुणाचा हात धरायची सवय नव्हती. ते तिच्या पुढं चालायला बघायचे आणि चौकटीला धडकायचे. थेंब तीन वेळा घालायचे ते घालत होते. त्यानं काही होत नव्हतं.

दोन्ही ट्रंका संपत आल्या होत्या. फक्त लाल रेक्झिनचा एक अल्बम राहिला होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला लावला होता. "तो सगळ्यात शेवटी."

तो शारदाआजीचा अल्बम होता. खंडेनवमीला जो तो आपल्या हत्याराची पूजा करतो; बाबूराव कॅमेरे पाटावर मांडायचे, हळदीकुंकू वाहायचे, आणि पूजा झाली की जुन्या याशिका कॅमेऱ्यात नवा रोल भरून पहिला फोटो बायकोचा काढायचे. अंगणात, तुळशीशेजारी, दरवर्षी तिथंच. मग स्टुडिओत जायचे, कारण नवरात्रात गावाला मुंगीसारखी माणसं येत आणि त्यांना जेवायलाही उसंत नसे. लग्न झालं त्या साली, चौऱ्याहत्तरला, पहिला फोटो. दोन हजार सातला शेवटचा. पुढच्या जानेवारीत आजी वारली. पित्ताशयाचा कॅन्सर होता. भैरवी तेव्हा अडीच वर्षांची. तिला आजीचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते आबा सगळ्यांना सांगत आले ते. "तीन आठवड्यांत गेली बघा. एका शब्दानं कधी बोलली न्हाई. शेवटपर्यंत हसत होती." सांगताना त्यांच्या आवाजात दुःखाबरोबर थोडा अभिमानही असायचा.

यंदाच्या खंडेनवमीला पाटावर कॅमेरा भैरवीनं मांडला. आबांनी चाचपून त्याला कुंकू लावलं. ते बरंचसं पाटावर सांडलं. बाहेर रस्त्यावरून "आई राजा उदो उदो"चा गजर येत होता. आबा खुर्चीत बसले, याशिका मांडीवर घेतला आणि म्हणाले, "आण तो लाल अल्बम."

पहिल्याच फोटोला त्यांचा चेहरा उजळला. भैरवी वाचत होती, "पाय जुळवून उभी आहे. डाव्या हातात पदराचं टोक आहे, बोटाला गुंडाळलेलं. उजवा हात तुळशीच्या कट्ट्यावर."

"पातळ कुठल्या रंगाचं होतं सांगू? मोरपंखी. काळ्यापांढऱ्यात कळत न्हाई, पण मोरपंखी होतं."

पंचाहत्तर, शहात्तर. सत्त्याहत्तरला कडेवर भैरवीचे वडील, शंतनू, महिन्याभराचे. ब्याऐंशीला आजीच्या हाताला पीठ लागलेलं. हात धुवायलाही आबांनी वेळ दिला नव्हता. अठ्ठ्याऐंशीला तिनं कुणाला तरी हाक मारण्यासाठी हात उचललेला. त्र्याण्णवच्या फोटोत ती जमिनीकडं बघत होती. भैरवीला आज वाचणं सोपं जात होतं. आजी तिला पहिल्यांदाच माणूस म्हणून भेटत होती, हात हलवणारी, घाईत असलेली, थोडी लाजरी. आबा मध्ये मध्ये रंग सांगत होते. बऱ्याच महिन्यांनी ते हसले.

"आता दोन हजार," भैरवी म्हणाली. "डावा हात मोकळा. उजवा पोटावर, पदराखाली."

"हं. पुढचा."

"दोन हजार एक. डावा हात कट्ट्यावर. उजवा पदराखाली."

पुढचा फोटो तिनं वाचला नाही. तिनं तो बघितला, मागची दोन पानं उलटली, परत पुढं आली, आणि त्याच्याही पुढची पानं उलटून बघितली.

"काय गं?"

"दोन हजार दोन. तुळस यंदा मोठी झालीय. मागच्या भिंतीला नवा रंग दिलेला दिसतोय. दारावर तोरण आहे, झेंडूचं. कट्ट्याजवळ एक बादली…"

"हात, भैरवी."

"कडेला चपलांचा जोड पण आहे, लहान, बहुतेक…"

"मी काय विचारलं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. समोरचा माणूस बघू शकत नव्हता. पण सहा महिने रोज दुपारी ज्यानं तिला 'दिसलं ते आधी' एवढंच शिकवलं होतं, त्याच्यापुढं त्या वेळी तिची जीभ वळली नाही.

"उजवा हात बरगडीखाली आहे. दाबून धरलाय."

"दाबून कशावरनं?"

"नखं पांढरी झालीत."

बाहेरचा गजर जवळ आला आणि लांब गेला. आबा म्हणाले, "पुढचा."

"तीन. तिथंच हात आहे. चार. तिथंच, आणि अंग थोडं त्या बाजूला वाकलंय. पाच. मला कडेवर घेतलंय, डाव्या. उजवा हात तिथंच."

"सहा."

"सहालाही तिथंच."

"सात."

भैरवीनं शेवटचा फोटो डोळ्यांजवळ नेला. "सातला हात दिसत नाहीत. दोन्ही पाठीमागं नेलेत."

"का?"

"लपवलेत, आबा."

"हसते का?"

"हो. सगळ्या फोटोंत सारखंच हसलीय."

बाबूरावांनी मांडीवरच्या कॅमेऱ्यावर बोटं एकेक करून टेकवली, मोजल्यासारखी. "दोन हजार ते सात. आठ." आत जाई कढईत पुऱ्या सोडत होती, त्याचा आवाज येत होता. भैरवीला वाटलं, आता ते म्हणतील की तू आपलं काहीतरीच बघतेस, उभं राहायची तऱ्हा असते एकेकाची. म्हणायला हवं होतं.

"सांगितलं होतं तिनं," आबा म्हणाले.

"काय?"

"पोटात कळ येते म्हणून. न्हाणीघराच्या दारात उभी होती. मी रोल भरत होतो, वर बघितलं न्हाई. म्हणालो, नवरात्र होऊ दे, मग दाखवू सोलापूरला." त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. "मग नवरात्र झालं. मग पौर्णिमा आली, मग लग्नसराई. तिनं परत काढलं न्हाई आणि मी विचारलं न्हाई. ती गेल्यावर लोक विचारायचे, आधी काही कळलं न्हाई का हो? मी म्हणायचो, ती बोललीच न्हाई कधी. इतक्यांदा म्हणालो, की मलाच ते खरं वाटायला लागलं."

"आबा…"

"पोरीच्या पायाच्या अंगठ्यावरनं मी सांगायचो लग्न मनाचं आहे का न्हाई. गावात नाव होतं माझं." त्यांनी कॅमेरा उचलून तिच्या बाजूला धरला. तिनं तो घेतला. "जा, जेवायला वाढ म्हणावं."

जेवले ते चार घास. दसऱ्याला कुणालाही सोनं द्यायला खाली उतरले नाहीत.

भैरवीला राहवेना. वडील शाळेत क्लार्क होते, दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी ते अंगणात सायकलची साखळी पुसत बसले होते, तिथं जाऊन तिनं विचारलं, "बाबा, आजीला दुखत होतं ते तुम्हाला माहीत होतं?"

शंतनूनं फडकं खाली ठेवलं नाही. "कुणी सांगितलं तुला?"

"फोटोत दिसतंय."

"बघितलेत मी ते फोटो. मला कधी न्हाई दिसलं." मग साखळीची एक कडी पुसून झाल्यावर म्हणाले, "फोटोची गरज नव्हती. मी बघायचो ना. ओट्याला टेकून उभी राहायची, डोळे मिटून. मी म्हणलं होतं, मी नेतो सोलापूरला, चल. म्हणाली, यांचा सीझन होऊ दे, मध्येच दवाखाना निघाला तर चिडतील. मी तेवीस वर्षांचा होतो, भैरवी. आई म्हणाली होऊ दे, मी होऊ दिलं."

"आणि आबांना सांगितलं न्हाई?"

"आता सांगून काय होणार आहे?" ते म्हणाले. तिनं तेव्हाचं विचारलं होतं; उत्तर आताचं आलं. आणि आताचं खरंच होतं.

फोटो वाचणं थांबलं ते थांबलंच. दुपारी भैरवी माडीवर जायची, आबा भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. ती म्हणायची, "आबा, लोहाऱ्याच्या त्या दोघांचा फोटो परत वाचू?" ते म्हणायचे, "राहू दे." रेडिओ लावला तर बंद करायला सांगत. आता उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळत होतं, आणि कार्तिक सरता सरता तेही धड कळेना. एकदा भर बारा वाजता त्यांनी जाईला दिवा लावायला सांगितलं.

मार्गशीर्षात एका सकाळी जाईनं त्यांना उन्हात आणून बसवलं. भैरवी शेजारी तांदूळ निवडत होती. आबा एकाएकी म्हणाले, "एक विचारतो. ती बघत कुठं होती?"

"कोण?"

"शारदा. फोटोत. नजर कुठं होती? आण, नीट बघून सांग."

तिनं वरून अल्बम आणला. इतके दिवस हात, हात करताना डोळ्यांकडं तिनं नीट बघितलंच नव्हतं. आता एकेक पान उलटलं. चौऱ्याहत्तर. पंचाहत्तर. ब्याऐंशी. जमिनीकडं बघणारा त्र्याण्णवचा तेवढा सोडला, तर बाकी सगळ्या फोटोंत आजीची नजर एकाच ठिकाणी होती. समोर नव्हती, समोरच्यापेक्षा थोडी वर. बघणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडं कुठं तरी गेल्यासारखी. भैरवीला आधी उलगडा होईना. मग तिला तो कॅमेरा आठवला. याशिका डोळ्याला लावत नाहीत. तो गळ्यातून पोटाशी सोडतात आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघतात. फोटो काढणाऱ्याचं नुसतं डोकं दिसतं, केसांचा भांग दिसतो, चेहरा दिसत नाही.

आजी भिंगाकडं बघतच नव्हती. आजी त्या खाली घातलेल्या डोक्याकडं बघत होती. पहिल्या वर्षांत तिला त्याचं हसू येत असावं. ओठांवर ते दिसत होतं. शेवटच्या आठ फोटोंत ओठ तसेच होते, पण डोळे वेगळे होते. ते मान वर व्हायची वाट बघत होते.

"काय गं? दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग?"

भैरवीनं अल्बम मिटला. "कॅमेऱ्याकडं बघतायत आजी."

"सगळ्यात?"

"त्र्याण्णवचा सोडून सगळ्यात."

आबांनी विचार केला. "मग पापण्या खाली असतील. कॅमेरा खाली असायचा माझा."

"हो," ती म्हणाली. "खाली आहेत."

त्यांनी हात पुढं केला. तिनं अल्बम दिला. रेक्झिनवरून त्यांनी एकदा तळवा फिरवला, कडा चाचपल्या आणि तो परत तिच्याकडं दिला. त्यांना खरं वाटलं का नाही हे तिला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही, आणि हातांवरूनही कळलं नाही. तांदूळ निवडून झाले. ऊन भिंतीवर चढलं तसं जाईनं त्यांना आत नेलं. त्यानंतर त्यांनी फोटोचा विषय काढला नाही. पाव्हणेरावळे आले आणि शारदाबाईंचं नाव निघालं, "हसत हसत गेली हो बाई" असं कुणी म्हटलं, की ते उठून आत जायला बघायचे आणि चौकटीला धडकायचे.

जानेवारीत भैरवीला स्टँडजवळच्या सेवा केंद्रात काम मिळालं. लोकांचे अर्ज भरायचे, कागद स्कॅन करायचे, आणि संगणकाला तारेनं जोडलेल्या छोट्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचा. दिवसाला साठ-सत्तर माणसं समोरच्या स्टुलावर बसून जायची. "चष्मा काढा. सरळ बघा. झालं." तिला सगळ्यांचं दिसायचं. पहिल्या आठवड्यात घरी आल्यावर तिला जेवण जाईना. शिकलेलं विसरता येतं का, असं तिनं एकदा आईला विचारलं. आईला प्रश्न समजला नाही.

एका सोमवारी तामलवाडीकडची एक बाई नवऱ्याबरोबर आली. कुठल्याशा योजनेचा अर्ज होता. ती स्टुलावर बसली, नवरा मागं उभा राहिला. भैरवीनं बटण दाबलं. डोळे मिटलेले आले.

"मावशी, डोळे उघडे ठेवा."

परत मिटलेले आले. तिसऱ्यांदाही. नवरा वैतागला. "नीट बघ की जरा!" तो मागून एक पाऊल पुढं आला आणि त्याच्या सावलीबरोबर बाईच्या पापण्या आपोआप खाली आल्या, मान खांद्यात गेली. मग त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बाहेर गेला. बाईनं डोळे उघडले. मोठे, तपकिरी डोळे होते. भैरवीनं फोटो घेतला.

तिनं दाराकडं बघितलं, आवाज खाली आणला. "मावशी, घरी सगळं ठीक आहे ना?"

बाई तिच्याकडं क्षणभर बघत राहिली. "व्हय की," ती म्हणाली. "न्हाय ठीक असायला काय झालं?"

नवरा आत आला. "झाला का फोटो?"

"झाला."

भैरवीनं तो अर्जाला जोडला. फाईल मोठी होती, म्हणून संगणकानं ती घेतली नाही. तिनं कडा कापल्या, फोटो लहान केला. तरी घेतली नाही. तिनं अजून लहान केला, इतका की त्यात डोळे आहेत एवढंच कळावं. मग फोटो गेला. पावती छापून आली, नवऱ्यानं ती घडी करून खिशात घातली, आणि बाई पदर सावरत त्याच्या मागून चालू लागली.